पुरेसा संशय

रास अल खैमा, १२ सप्टेंबर २०२४

वैभवी,

तुझा मेसेज चारुदत्तच्या फोनवर आला. माझ्या फोनवर तू ब्लॉक आहेस, ते तसंच राहू दे. त्याने तो जेवताना मोठ्याने वाचला. "अनुपमाताई, एकदाच कोर्टात येऊन सांगा, ईशूला कोण मारत होतं ते." श्रिया समोर बसली होती. ती ताट उचलून आत गेली.

तुझा फोन कुणाल अजूनही तपासतो असं तूच लिहिलंस, म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवतेय. तो हेही बघत असेल तर बघू दे. माझं आता त्याच्याकडून काही बिघडायचं राहिलेलं नाही.

तर उत्तर: नाही. मी येणार नाही.

एवढं लिहून थांबणार होते. पण तुझ्या मेसेजमधलं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. "तुम्हाला तर सगळं माहीत होतं." हो, होतं. आणि मी ते सांगितलं कुणाला? तुला. शारजाच्या घरी, माझ्या ओट्याला टेकून तू चहा घेत होतीस. ऑफिसमधून दमून आली होतीस, ईशू हॉलमध्ये ठोकळे रचत होती. मी आवाज खाली करून म्हणाले, "वैभवी, रागावू नकोस. काल कुणाल तिला न्यायला आला तेव्हा लिफ्टपाशी त्याने तिचा दंड पिळला. चांगला पिळला. आणि ती रडली नाही गं. तीन वर्षांचं मूल एवढं दुखल्यावर रडत नाही, म्हणजे हे पहिल्यांदा नाही झालेलं."

तू कप विसळलास. नीट, आतूनबाहेरून. म्हणालीस, "तो जरा रफ खेळतो, ताई." मग दारातून परत वळलीस आणि म्हणालीस, "प्लीज, कुणाला बोलू नका."

नाही बोलले. त्याच आठवड्यात पोलीस माझ्या दारात आले.

मधे काय घडलं ते मला खूप नंतर कळलं. ईशूला ताप आला, तू तिला क्लिनिकमध्ये नेलंस, डॉक्टरांनी फ्रॉक वर केला आणि पाठीवरचे वळ बघितले. मुलाच्या अंगावर असं काही दिसलं तर डॉक्टरांना कळवावंच लागतं. पोलिसांनी तुला विचारलं, दिवसभर मूल कुणाकडे असतं? तू माझं नाव सांगितलंस. इथपर्यंत मी तुला माफ केलं असतं, कारण प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं. पण त्यांनी पुढे विचारलं, तुमचा संशय कुणावर आहे? तेव्हाही तू माझंच नाव सांगितलंस.

मला वरण फोडणीला घालायचं होतं. पोलिसांतली बाई म्हणाली, "गॅस बंद कर दो, बहन." चांगली होती बिचारी. माझी ओढणी तिनेच शोधून दिली.

आता तू घटस्फोट मागते आहेस आणि ईशू अर्धे दिवस त्याच्याकडे जाऊ नये म्हणून धडपडते आहेस. कोर्ट तुझ्याकडे कारण मागतंय. तुझ्याकडे कारण आहे, साक्षीदार नाही. साक्षीदार तू स्वतः आत पाठवला होतास.

पुन्हा मेसेज करू नकोस.

अनुपमा

रास अल खैमा, ३ ऑक्टोबर २०२४

वैभवी,

व्हॉइस नोट पाठवायला नको होतीस. चारुदत्तने मला न विचारता लावली. "मावशी, आय हॅव अ बिग टूथ नाऊ." मावशी म्हणायला तिला कुणी सांगितलं? तूच सांगितलंस, आता, फोन तोंडाशी धरून. मला ते ऐकू येतं. पाठून तुझा श्वास येतोय.

मावशी हा शब्द तिने एकदा पोलिसांसमोरही म्हटला होता. ते तुला माहीत आहे, तू शेजारी बसली होतीस. बाहुली समोर ठेवून त्यांनी तिला विचारलं, बेबीला कोण मारतं? ती म्हणाली, "अनुमावशी." मग तिला आइसक्रीम मिळालं. हे तिनेच मला सांगितलं, मी सुटल्यावर, बिल्डिंगच्या खाली, तू तिला ओढून न्यायच्या आधी. "आय सेड मावशी अँड आय गॉट चॉकलेट आइसक्रीम." आनंदाने सांगत होती. मला भेटून तिला आनंद झाला होता.

तू लिहिलंयस की मला एवढे दिवस आत ठेवतील असं तुला वाटलं नव्हतं. तुला वाटलं, चौकशी करतील आणि सोडून देतील. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून तुला समजावून सांगते, मला कसं समजावलं ते. आमच्या वकिलाच्या ऑफिसात दौलत म्हणून एक सिंधी गृहस्थ आहेत, अरबी कागद ते आम्हाला हिंदीत वाचून दाखवतात. मी त्यांना विचारलं, मी काहीच केलेलं नाही, तर मला ठेवलंय कशाच्या जोरावर? ते म्हणाले, "अनुपमाजी, अंदर रखने के लिए सबूत नहीं चाहिए. शक चाहिए. बस, शक में वज़न होना चाहिए."

माझ्यावरच्या संशयाला वजन होतं. डॉक्टरांचा रिपोर्ट. लायसन्स नसताना घरी मूल सांभाळणं. लहान मुलीचा शब्द. आणि सगळ्यात जड, तिच्या आईचा जबाब. नियाबात, म्हणजे सरकारी वकिलांच्या ऑफिसात, मी सांगितलं की हे तिच्या वडिलांनी केलंय, मी डोळ्यांनी बघितलंय, आणि तिच्या आईला मी तसं सांगितलंही आहे. समोरचा माणूस तरुण होता, आवाज न चढवता बोलायचा. त्याने सगळं लिहून घेतलं. मग दुभाष्यातर्फे मला एकच विचारलं.

"आई कशाला खोटं बोलेल?"

मी उत्तर देऊ शकले नाही, वैभवी. मला खरंच माहीत नव्हतं. मी घाबरून गप्प झाले आणि ते गप्प होणंही त्याने लिहिलं असेल. पुढे मुदत वाढवायला जजसमोर नेलं, तिथेही तेच. आईचा जबाब स्पष्ट आहे, आईचं आरोपीशी वैर नाही, संशय पुरेसा आहे. मुदत वाढवली. मी त्या जजना दोष देत नाही. त्यांच्या जागी असते तर मीही आईवरच विश्वास ठेवला असता.

चारुदत्त भेटायला आला तेव्हा काचेपलीकडून फोनवर म्हणाला, "अनु, एकदाही नाही ना? चुकून, रागाच्या भरात, एखादी चापट?" सोळा वर्षांचा संसार. तेव्हा मला कळलं की संशयाचं वजन फक्त कोर्टात नसतं. घरी आणतात लोक ते.

आणि श्रिया. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगते. मी आत असताना तिला पहिल्यांदा पाळी आली. बारा वर्षांची होती. बाबाला सांगायची लाज वाटली. शेजारच्या बायका आमच्या दारापुढून मान वळवून जात होत्या, त्यांना कसं सांगणार? टिश्यू पेपर दुमडून शाळेत गेली. वर्गात स्कर्टला डाग पडला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "हर मॉम डिड इट." अख्खा वर्ग हसला. तिने मला हे घरी आल्यावर सांगितलं, इंग्रजीत, भिंतीकडे बघत. मी तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले तर ती किंचित मागे सरकली. माझ्या हातापासून, वैभवी. माझी मुलगी.

मग रिपोर्ट पूर्ण आला. काही वळ जुने निघाले, ईदच्या सुट्टीतले, जेव्हा ईशू तुमच्याकडेच होती. तुम्ही दोघं म्हणालात, पार्कमध्ये घसरगुंडीवरून पडली. माझी फाईल बंद झाली. पुरावा अपुरा. निर्दोष असं कुठेही लिहिलेलं नाही, मी दौलत साहेबांना दोनदा वाचायला लावलं.

म्हणून आता माझी अट ऐक. मी कोर्टात येऊन बोलले तर कुणालचा वकील पहिलं काय विचारेल? ही तीच बाई ना, जिच्यावर मुलीच्या आईनेच संशय घेतला होता? माझ्या शब्दाची किंमत तू शून्य करून ठेवली आहेस. ती तूच परत आण. नियाबात जा. सांग, मी खोटा जबाब दिला, अनुपमा चांदेकरने मला खरं सांगितलं होतं, मला नवऱ्याची भीती वाटत होती म्हणून मी तिचं नाव घेतलं. सही कर. त्यानंतर मला बोलाव. त्याच दिवशी येईन.

अनुपमा

रास अल खैमा, २१ ऑक्टोबर २०२४

वैभवी,

तू विचारते आहेस, असं सांगितलं तर तुझं काय होईल.

मला कायद्यातलं काय कळतं? मी माँटेसरी शिकवायचे, चिंचवडला. तुझा वकील आहे ना, त्याला विचार. त्याला विचारायची तुला भीती वाटते, कारण मग त्यालाही खरं सांगावं लागेल. हे मला समजतं. पण मग मला विचारून काय उपयोग?

तू आई आहेस. आई स्वतःहून येऊन म्हणते की मी खोटं बोलले होते, माझ्या मुलीला वाचवा, तर कोण ऐकणार नाही? तुझ्या जबाबाला वजन असतं. मी ते अनुभवलं आहे.

मागच्या आठवड्यात त्याच्याकडून परत आल्यावर ईशू जेवताना ताटाच्या कडेला हात ठेवत नाही, मांडीखाली ठेवते, असं तू लिहिलंस. ते मी वाचलं. पुन्हा वाचलं. माझ्याकडे असताना ती तूपभात स्वतःच्या हाताने खायची, गालांना फासून. तुझ्या पत्रातलं हे एकच वाक्य मला सहन झालं नाही.

जा आणि सांग. मी तुझ्या पाठीशी आहे.

अनुपमा

रास अल खैमा, ८ डिसेंबर २०२४

वैभवी,

मी शब्द पाळला. तू सही केलीस आणि त्यानंतर मला बोलावणं आलं, तशी गेले. श्रियाची परीक्षा होती, तरी गेले. तुझं कुणाशीही बोलणं होत नसेल, म्हणून काय काय झालं ते लिहिते. पत्र तुझ्या मैत्रिणीकडे देतेय, पर्णिकाकडे. भेटीच्या दिवशी ती तुला वाचून दाखवेल.

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. पूर्वीचा तो तरुण माणूस नव्हता, एक बाई होत्या. सगळी जुनी फाईल समोर. मी लिफ्टपाशी काय बघितलं ते सांगितलं. तुला स्वयंपाकघरात काय म्हणाले तेही. त्या म्हणाल्या, हे तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात. मी म्हटलं, हो, शब्द न शब्द. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आज कुणीतरी माझं ऐकलं. मला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर ते ईशूसाठी नव्हतं.

बाहेर आले तेव्हा तू बाकावर होतीस, दोन पोलीस बायकांच्या मधे. तू म्हणालीस, "ताई, मला घरी नाही जाऊ देत आहेत." मी म्हणाले, "होईल सगळं ठीक, इन्शाल्ला." तू माझा हात धरायला गेलीस. मी पर्स उघडून टॅक्सीसाठी फोन शोधत राहिले.

खोटा जबाब हा गुन्हा आहे, आणि आता तर तू स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहेस. तुझ्या बाबतीत त्यांना संशयाचं वजन करत बसावं लागलं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही, दौलत साहेबांनी तसं होईल म्हणून सांगितलंच होतं.

हो. आधीच सांगितलं होतं. ३ ऑक्टोबरचं पत्र तुला पाठवायच्या आधी मी त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "उसको बोलना मत जाए. अपने ऊपर केस ले लेगी, और बच्ची का बाप कोर्ट में बोलेगा, देखो, यह माँ कैसी है." आणि म्हणाले, "आप तो छूट गई हैं, अनुपमाजी. खलास कीजिए." मी त्यांना थँक यू म्हणाले, फोन ठेवला आणि तुला पत्र लिहायला बसले.

पर्णिका हे वाचताना थांबली असेल. तिला म्हणावं, पुढे वाच.

तू मला कशापायी आत पाठवलंस? नवऱ्याच्या भीतीने. मी तुला कशापायी पाठवलं? मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते की न्यायासाठी. पण तुझी अवस्था बघून आले त्या रात्री मला शांत झोप लागली, खूप महिन्यांनी. न्यायाने अशी झोप येते का, मला माहीत नाही.

ईशू सध्या कुणालकडे आहे. दुसरीकडे कुठे असणार?

अनुपमा

रास अल खैमा, १७ फेब्रुवारी २०२५

वैभवी,

हे पत्र नाशिकच्या पत्त्यावर, तुझ्या आईकडे. शिक्षा थोडक्यात संपली, पण देशाबाहेर पाठवण्याचा हुकूम झाला असं पर्णिकाने सांगितलं. परत यायची परवानगी नाही म्हणे. नोकरी तर आधीच गेली होती.

मला तुला निकाल सांगायचा आहे, म्हणजे तुला तो वकिलाच्या भाषेत कळला असेल, मी साध्या भाषेत सांगते.

कुणालची चौकशी झाली. व्यवस्थित झाली, मी उगाच नावं ठेवणार नाही. त्याच्या विरुद्ध काय होतं? एका बाईचा जबाब, जी पूर्वी त्याच प्रकरणात आरोपी होती आणि जिला त्या कुटुंबाचा राग असणं साहजिक होतं. दुसऱ्या बाईचा जबाब, जिने आपण खोटं बोललो होतो हे लिहून दिलं होतं. वळ दोन वर्षांपूर्वीचे. त्यांचे फोटो होते, पण फोटोतून बोटं कुणाची ते दिसत नाही. ईशूला एका डॉक्टरबाईंनी खेळण्यांच्या खोलीत बसवून विचारलं. यावेळीही तेच, बेबीला कोण मारतं? ती काहीच बोलली नाही. पूर्ण वेळ गाडी फिरवत राहिली. मागच्या वेळी नाव घेतल्यावर माणसं गायब झाली, एवढं तिला कळलं असेल. पहिल्यांदा मी गेले, मग तू गेलीस.

फाईल बंद. पुरावा अपुरा. माझ्या कागदावर जे शब्द होते तेच. मी दौलत साहेबांना म्हणाले, "लेकिन उसने किया है." ते म्हणाले, "आपको मालूम है. अदालत को मालूम नहीं करा पाए आप लोग." मग चष्मा काढून पुसत राहिले. हल्ली ते माझ्याशी फार बोलत नाहीत.

फॅमिली कोर्टाने ताबा त्याला दिला. त्यात कारण लिहिलंय, आई देशात नाही, आणि मुलीच्या इजेबाबत खोटं बोलल्याचं तिने मान्य केलं आहे. व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदा, वडिलांच्या सोयीने.

चारुदत्तला मी दौलत साहेबांच्या फोनबद्दल सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो इस्त्री करत होता. म्हणाला, "तू असं करशील असं तेव्हा कुणी मला म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला नसता." आणि शर्ट उलटा करून दुसरी बाजू दाबायला लागला.

अनुपमा

रास अल खैमा, २५ मे २०२५

वैभवी,

तू एकाही पत्राला उत्तर देत नाहीस. ते बरोबरच आहे. पण हे तुला कळवायला माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहिते. वाचण्याआधी आईला जवळ बसव.

मागच्या महिन्यात कुणाल आमच्याकडे आला. न सांगता, शुक्रवारी सकाळी, मिठाईचा डबा घेऊन. मी दार उघडलं तर वाकून नमस्कार करायला लागला. "ताई, झालं गेलं विसरा. तुम्हाला आमच्यामुळे फार त्रास झाला. पण शेवटी तुम्हीच मला सोडवलंत." मला कळेना. तो हसला. "वैभवीच्या तोंडून खरं बाहेर काढलंत ना! माझ्या वकिलाला ते जमलं नसतं." चारुदत्त मागे उभा होता. त्याने डबा घेतला नाही. मी घेतला. हात आपोआप पुढे गेला.

मी विचारलं, "ईशू कुठेय?" म्हणाला, "खाली, गाडीत. एसी चालू आहे."

मी चपला न घालता खाली गेले. मागच्या सीटवर बेल्ट लावून बसली होती. उंच झाली आहे. केस कुणीतरी अगदी बारीक कापले आहेत. मला बघून हसली नाही, ओळखलं मात्र. दोन्ही हात मांडीखाली होते. मी काच ठोठावली, तिने उघडली नाही. मी दार उघडलं. म्हणाले, "ईशू, दात बघू मोठा?" ती पुढे बघत म्हणाली, "आय ॲम बीइंग गुड." कानामागे, मानेपर्यंत, पिवळा पडत चाललेला एक डाग होता. मी विचारलं, "हे काय झालं, बाळा?" "आय फेल." एवढ्यात कुणाल आला. "यल्ला, चल ईशू, मावशीला बाय कर." तिने लगेच बाय केलं. हात बाहेर काढून, हलवून, पुन्हा मांडीखाली.

चारुदत्त म्हणाला, कर फोन. श्रियाने आतून ऐकलं आणि बाहेर आली. मला वाटलं अडवेल. म्हणाली, "कॉल देम, मम्मा. गिव्ह युअर नेम." मी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. खूप सौम्य आवाजाची मुलगी होती, हिंदीत बोलली. तुम्ही मारताना बघितलं? नाही. मुलीने सांगितलं? ती म्हणाली पडले. तुमचं मुलीशी नातं? मी मावशी म्हणाले. सख्खी? नाही. मग मी माझं नाव सांगितलं. टाइप केल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "मॅडम, आपका नाम इस फैमिली की पुरानी फाइल में है?" मी म्हणाले, दोनदा.

तरी ते गेले. कुणी गेलं नाही असं समजू नकोस. जाऊन आले, घर बघितलं, मुलीला बघितलं. घर स्वच्छ, खेळणी भरपूर, वडील सहकार्य करतात. डाग सायकलवरून पडल्याचा, सायकल गॅलरीत होती. पुढे जायला पुरेसं काही नाही.

त्यानंतर कुणालचा चारुदत्तला मेसेज आला. राग नाही, काही नाही. "ताईंची काळजी समजते. ईशूला शाळेतून काढलंय, उगाच लोक तिला प्रश्न विचारतात. पहिलीला घालू तेव्हा बघू. घरीच बाई ठेवली आहे."

शाळेत निदान टीचर होती, वैभवी. डबा खाताना तिच्याकडे कुणीतरी बघत होतं. मी फोन केला आणि तेही गेलं.

काल मी शारजाला गेले. चारुदत्तने सोडलं, तो गाडीतच थांबला. आपल्या जुन्या बिल्डिंगमध्ये मी दोन वर्षांनी पाऊल ठेवलं. तुमच्या दाराची बेल वाजवली. एका बाईने साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. मी म्हणाले, बच्ची से मिलना है, दो मिनट. ती म्हणाली, "साहब ने बोला है, किसी को नहीं." मी म्हणाले, मैं उसकी मावशी हूँ. तिने माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जसं अनोळखी माणसाकडे बघतात.

आतून ईशूचा आवाज आला, "हू इज इट?"

ती बाई मागे न वळता म्हणाली, "कोई नहीं, बेटा."

आणि दार लावलं. मी बराच वेळ तिथे उभी होते. आतून काहीच आवाज आला नाही.

अनुपमा